कुंडातला पिवळा तांदूळ

मंडळी, मी मोटर वायंडिंगवाला माणूस आहे. सेलूला माझं दुकान आहे. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटरी माझ्याकडे येतात आणि मोटर का जळली याचं कारण मला नेहमी सापडतं. फेज उडालेला असतो, बेअरिंग जाम झालेलं असतं, नाहीतर आत सरडा भाजून निघाला तरी मालकानं तिसऱ्यांदा बटन दाबलेलं असतं. "भाऊ, कोणाची तरी नजर लागली मोटरीले" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी मोटरीसकट बाहेर काढलेलं आहे. तुमच्या या सदरातले अनुभव मी वाचतो ते जेवल्यावर हसायला. आता तुम्ही माझ्यावर हसा.

फक्त एक सांगून ठेवतो — हे लिहिताना मला भीती वाटत नाहीये. अंगावर काटा वगैरे काही नाही. मला राग येतोय. जानेवारीपासून येतोय, आणि तो कोणावर काढायचा ते अजून समजलेलं नाही.

तर... आमचं मूळ गाव केळझरच्या पुढे, बोरच्या जंगलाला लागून. गावात माझा धाकटा भाऊ प्रवीण शेती करतो, आई त्याच्याकडे असते. गावाच्या मागे डोंगर, डोंगरात सागाचं जंगल, आणि जंगलात गरम पाण्याचं एक कुंड आहे. आम्ही त्याला ऊनझरी म्हणतो. नकाशात शोधू नका, आमच्या दोन-चार गावांपलीकडे ते कोणाला ठाऊक नाही. पुजारी नाही, देऊळ नाही. शेंदूर लावलेला एक दगड, त्याच्या पायाशी हौदाएवढं कुंड, आणि जळक्या काडीसारखा वास. हिवाळ्यात सकाळी गेलात तर पाण्यावर वाफ असते. पाणी चटका देणारं आहे, पण उकळतं नाही... हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

या ऊनझरीची एक रीत आहे. घरातली दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली की त्यांना तिथे न्यायचं. एकानं आपल्या हातानं मूठभर तांदूळ आणायचा, दुसऱ्यानं मूठभर मुगाची डाळ. घरातल्या मोठ्या बाईनं दोन्ही एका कापडात बांधायचं. दोघांतल्या मोठ्यानं ती पोटली घेऊन कुंडाला एक फेरा मारायचा, मग दोरीनं पाण्यात सोडायची आणि ती दोरी दोघांनी मिळून, न बोलता धरून बसायचं. शिजलं की पळसाच्या एका पानावर घेऊन दोघांनी खायचं. झालं, भांडण मिटलं. ज्याचं धान्य कच्चं राहिलं त्याचं मन अजून कच्चं, असं मानतात. जंगलखात्याच्या फाटकाच्या आत जाळ करायला बंदी आहे, पोटलीला नाही.

आता माझं आणि प्रवीणचं कशावरून बिघडलं, ते सांगणं भाग आहे. पोळ्यावरून. आमच्याकडे पोळ्याला बैल तोरणाखालून घरी आले की दारात त्यांची पूजा मोठा मुलगा करतो. बाबा गेल्यापासून ते माझ्याकडे. त्या वर्षी एका गिऱ्हाइकाची मोटर अडली होती, मी उशिरा पोचलो. पाहतो तर प्रवीणनं पूजा उरकून बैलांना पुरणपोळी चारलेली. मी अंगणातच तोंड सोडलं. अर्धं गाव दारात उभं. तोही ऐकणारा नाही. म्हणाला, "बैल काय तुयी वाट पाहत उभे ठेवू? पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं."

पाहुणा! ज्या घराच्या ओट्यावर मी दात पाडून घेतले त्या घरात मी पाहुणा! मी तसाच गाडीत बसलो आणि निघालो. त्यानंतर दोन पोळे गेले. मी गेलो नाही. आईला भेटायचं तर बायकोकरवी तिलाच सेलूला बोलावून घ्यायचो.

मग गेल्या दिवाळीनंतर आईच्या पोटात गोळा निघाला. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, काढावा लागेल, आणि फार थांबू नका. आम्ही दोघं भाऊ खाटेच्या दोन बाजूंना उभे. आईनं डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"पहिले हे दोघं ऊनझरीचं एका पानावर खातीन. मंगच मी टेबलावर झोपतो. नाई त गोळा राहू द्या पोटात, मले काई त्रास देऊन नाई राह्यला."

मी समजावलं, चिडलो, बायकोनं पाय धरले. आई हलली नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही करून का टाकत नाही ते?" मला इतका संताप आला... म्हणजे शिकलेला माणूससुद्धा मलाच सांगणार!

शेवटी तयार झालो. पण माझ्यातला मेकॅनिक गप्प बसेना. चटका देणाऱ्या पाण्यात तांदूळ शिजतो का? मी घरी गिझरचं पाणी बादलीत घेऊन त्यात तांदळाची पुरचुंडी टाकून पाहिली. पाणी थंडावलं की बदलत होतो. बायको अंघोळीला ताटकळली, तांदूळ काही शिजला नाही. आता बघा, ऊनझरीत तांदूळ कच्चा राहिला तर आई काय म्हणणार? देवानं नाही म्हटलं. आणि ऑपरेशन गेलं कुंडात. ते मला परवडणारं नव्हतं.

म्हणून मी ठरवलं — पोटली बदलायची.

हसू नका. योजना चांगली होती. आई कापड बाबांच्या धोतराचं वापरणार हे मला ठाऊक होतं. बाबांचं दुसरं धोतर माझ्याकडे होतं. (ते मी दुकानात मोटरी पुसायला घेतलं होतं हे आईला माहीत नाही. धुऊन घेतलं.) सकाळी निघताना सुनंदाला, म्हणजे बायकोला, म्हटलं, मूठभर डाळ-तांदळाची खिचडी कुकरला लाव. फेरा मारताना कुंडामागे मोठं उंबराचं झाड आहे, त्याच्या आड आईची पोटली खिशात आणि माझी पोटली हातात. शिजलेलं सोडायचं, शिजलेलं काढायचं. आई खूश, देव खूश, डॉक्टर खूश.

यात एकच गोष्ट माझ्याकडून राहिली. 'साधी' हा शब्द. कुकर उघडला तर सुनंदानं सवयीनं हळद, मीठ आणि जिऱ्याची फोडणी घातलेली. आता दुसरी करायला वेळ कुठे? मी विचार केला, पाण्यात धुऊन जाईल. असा विचार करणारा माणूस लोकांच्या मोटरी दुरुस्त करतो. पोटली बांधून उरलेली खिचडी मी उभ्या उभ्या खाल्ली. मऊ होती. अगदी लोण्यासारखी. हेही लक्षात ठेवा.

गावातून आईला आणि प्रवीणला माझ्या गाडीत घेतलं. आई पुढे, तो मागे. संबंध रस्ता आमचं बोलणं आईमार्फत.

"आई, त्याले सांग, पुढं खड्डा आहे."

"आई, त्याले सांग, मले दिसते."

गाडी धाडकन खड्ड्यात गेली.

"आई, त्याले सांग, दिसला का म्हणा."

आई दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती. एवढंच म्हणाली, "मी काय टेलिफोन आहो काय बाप्पा तुमचा?"

फाटकापासून कुंडापर्यंत थोडी पायवाट आहे. आई थांबत थांबत चालली. मी तिचा एक हात धरला, प्रवीणनं दुसरा. कुंडावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. आईनं धोतराचा तुकडा पसरला. मी तांदूळ टाकला, प्रवीणनं डाळ टाकली. तिनं गाठ मारली, कपाळाला लावली, माझ्या हातात दिली. मी गंभीर चेहरा करून फेऱ्याला निघालो. उंबराच्या आड गेलो, जॅकेटच्या डाव्या खिशात ही, उजव्या खिशातून ती. दोनदा तपासलं. माझ्या पोटलीवर पिवळा डाग उमटला होता. डाग तळहाताकडे धरून मी बाहेर आलो आणि पोटली पाण्यात सोडली.

मग दोरी धरून बसलो. माझी मूठ, वर त्याची मूठ. कितीतरी दिवसांनी त्याचा हात एवढ्या जवळून पाहिला. अंगठ्याचं नख काळं पडलेलं. कशानं, हे विचारायचं तोंडावर आलं होतं. नाही विचारलं. बोलायचं नसतं म्हणून नाही... राग होता म्हणून. पाहुणा कशाला घरच्यांच्या नखांची चौकशी करेल?

वाफ तोंडावर येत होती. आई दगडाला टेकून डोळे मिटून बसलेली. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. "काढा."

ओढली. आईनं पानावर पोटली ठेवून गाठ सोडली. मी चेहऱ्यावर आश्चर्य आणायची तयारी करून ठेवली होती — "अरे वा, शिजलं की!" असं काहीतरी. ते आश्चर्य वापरायची वेळच आली नाही, कारण खरं आलं.

डाळ शिजून मेण झाली होती, कापडाला चिकटली होती. आणि तांदूळ कच्चा होता.

फुगून गेलेला, घट्ट झालेला, वातड झालेला असं काही नाही. कच्चा. कोरड्या धान्यासारखा दाणा, सुटा, टोकदार. मी एक उचलून नखानं दाबला, नख वाकलं. दाताखाली धरला, कचकन आवाज आला आणि आत पांढराशुभ्र. वरून मात्र पिवळा. हळद लागलेला. अधूनमधून फोडणीत तडतडलेलं जिरं.

म्हणजे पोटली माझीच होती. सुनंदाच्या कुकरमधली. सकाळी जी मी लोण्यासारखी खाल्ली तीच.

आईनं एक जिरं बोटावर घेतलं. उन्हाकडे धरून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"काऊन रे मोठ्या, या कुंडात जिरं कवापासून निघते?"

माझी अवस्था समजून घ्या. माझा तांदूळ कच्चा निघालाय. धाकट्याच्या वाटची डाळ शिजलेली. म्हणजे ऊनझरीच्या हिशेबानं मन माझंच कच्चं. आणि हे अशक्य आहे, हे फक्त मला ठाऊक आहे. सिद्ध करायचं तर आधी कबूल करावं लागणार की मी आईला फसवत होतो! अशा कात्रीत माणूस काय करतो? शहाणा गप्प बसतो. मी ओरडलो.

"शिजवलेला होता तो! घरून शिजवून आणलता मी! सुनंदाले विचार! कुकर लावलता! कच्चा निघूच शकत नाई!"

डोंगरात माझाच आवाज घुमला. ...नाई ...नाई.

सगळ्यात आधी प्रवीणला उमजलं. तो उभा राहिला. आणि इतक्या महिन्यांनंतर पहिल्यांदा, आईला मध्ये न घालता, थेट माझ्याशी बोलला.

"इथंई रेडिमेड आणलं तू?"

"आईसाठी आणलं!"

"तुयं सगळं असंच आहे. पोळ्यालेई असाच. बैल मी धुवाचे, शिंगं मी रंगवाची, झूल मी शिवाची. तू गाडीतून उतरून आयती आरती घेतो. मोठा भाऊ!"

"मंग मले पाहुणा म्हणशीन? गावासमोर?"

"म्हणलो! पाहुणा म्हणलो! पाहुणा तरी वर्षातून एक डाव येते बे. तू त येणंच सोडलं!"

मी त्याची कॉलर धरली. त्यानं माझं जॅकेट धरलं, आणि खिसा फाटून आईची खरी पोटली खाली पडली. तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. कुंड बुडबुडत होतं. मला त्या बुडबुड्यांचासुद्धा राग आला.

आई ओरडली नाही. पदर खोचला, खाली बसली, ती पोटली उचलून पिशवीत टाकली. मग पळसाचं पान सरकवत म्हणाली,

"झालं बोलून? आता बसा. खा."

"आई, कच्चा आहे तो," मी म्हणालो.

"दिसते मले. कच्चा त कच्चा चाव. माया पोटात गोळा घेऊन मी डोंगर चढलो, आन तू मले फोडणीची खिचडी दाखवून राह्यला. बस म्हणलं ना!"

बसलो. दोघं एका पानावर. तो मुकाट्यानं माझ्या वाटचा कच्चा तांदूळ चावू लागला. कडाकडा. मी त्याच्या वाटची डाळ बोटानं चाटून खात होतो. खाता खाता तो थांबला, गालाला हात लावला.

"काय झालं?" मी विचारलं. निघून गेलं तोंडातून.

"दाढ," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "मीठ बराबर आहे पण. वयनीच्या हातचं."

आई तोंडावर पदर धरून हसली. माझ्या पण ओठापर्यंत आलं होतं. मी गिळलं. मला हसायचं नव्हतं. मला जाणून घ्यायचं होतं की शिजलेला तांदूळ कच्चा कसा होतो, आणि या दोघांना त्याचं काहीच नव्हतं! मी म्हणत होतो, "अरे पण हे झालं कसं?" आणि आई पान धुवत म्हणत होती, "चला, ऊन चढलं."

पानात उरलेले दाणे मी रुमालात बांधून घेतले.

त्याच आठवड्यात आई टेबलावर झोपली. बाहेर बाकावर आम्ही दोघं भाऊ. प्रवीणच्या हाताकडे पाहून मी विचारलं, नखाला काय झालं. म्हणाला, विहिरीवरची मोटर उचलताना दबलं. मी म्हटलं, मला का नाही सांगितलं, मोटर माझं काम आहे. तो म्हणाला, तुले सांगाले तू फोन कुठं उचलत होता. मग चहा साखरेचा आणायचा की बिनसाखरेचा यावर आमचं पुन्हा वाजलं, नर्सनं बाहेर काढलं. गोळा निघाला, साधा होता. आई आता ठणठणीत आहे, आणि फोनवर मला अजून 'जिरेवाला' म्हणते.

पण मी तांदूळ सोडला नाही. ते पिवळे दाणे वर्तमानपत्रावर उन्हात वाळवले आणि एक चमचाभर कुकरला लावले. कच्चे. पुन्हा लावले, शिट्ट्या मोजायच्या सोडून दिल्या. पाणी आटलं, तळ करपला, दाणा तसाच. मग वाटलं, आमच्या तांदळातच काही असेल. पण त्याच पोत्यातला तांदूळ आम्ही रोज खातो. आणि कुंडावर माझ्या खिशातून पडलेली ती खरी पोटली... दवाखान्यातून घरी आल्यावर आईनं तीच शिजवून खाल्ली. पहिल्याच शिट्टीत मऊ, प्रवीणच्या बायकोनं सांगितलं. दुकानात एक मास्तर येतात, विज्ञान शिकवतात. त्यांना दाखवला. म्हणाले, शिळा भात कडक होतो. मी म्हटलं, सर, कडक झालेला भात वेगळा आणि कच्चा तांदूळ वेगळा, तुम्हाला घरात जेवायला कोण वाढतं? ते त्यानंतर दुकानात आलेले नाहीत.

दोन पोटल्या अदलाबदल झाल्या असतील? नाही, हळद होती. कुकर लागला नसेल? नाही, मी खाल्ली होती. पाण्यातल्या गंधकामुळे? मग डाळ काय वेगळ्या पाण्यात होती? जळालेली मोटर उघडली की कुठेतरी काळी पडलेली तार दिसते. इथे मी सगळं उघडून बसलोय आणि तार कुठे काळी दिसत नाही. याचाच मला राग आहे. भूत दिसलं असतं तर निदान घाबरून मोकळा झालो असतो. मला काय दिसलं? जिरं.

आणि खरं सांगू का... राग फक्त तेवढ्याचाच नाही. त्या कुंडानं प्रवीणच्या वाटची डाळ शिजलेलीच ठेवली आणि माझा शिजलेला तांदूळ उलटा फिरवला. म्हणजे काय म्हणायचंय त्याला? मी सांगतो ना, मी माफ केलंय. एका पानावर खाल्लंय. अजून काय हवं?

उरलेले दाणे एका छोट्या डब्यात फ्रिजवर ठेवलेत. सुनंदा म्हणते, फेकून द्या. फेकवत नाही. परवा प्रवीणचा फोन आला होता. म्हणाला, "भाऊ, पोळा आहे. आदल्या दिवशीच येजो. बैल धुवाले." आरतीला ये म्हणाला नाही. धुवायला ये म्हणाला.

जाणार आहे. जुनी पँट काढून ठेवलीये. बैल धुऊन परत आलो की त्या डब्यातले दाणे पुन्हा एकदा कुकरला लावायचे असं मी ठरवलं होतं. पण काल रात्रीपासून हात मागे येतोय. नाही शिजले तर मला राग येणार, हे नक्की. आणि मंडळी, शिजले... तर त्याहून जास्त येणार.